थोरल्यांची टाच

माणसाला मोठा भाऊ असावा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो बरोबर आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर राहू नये, आणि राहिलाच तर त्याने निदान फोटो तरी काढू नयेत. हे धाकट्यांचं ठाम मत होतं. ठाम म्हणजे इतकं ठाम, की ते त्यांनी आजवर फक्त बायकोपाशी बोलून दाखवलं होतं, आणि तेही स्वैपाकघरातला नळ मोठा सोडून. थोरल्यांचे कान फार तिखट.

अख्खी इमारत त्यांना धाकटे म्हणायची. पन्नाशी आली, टक्कल पडलं, विमा कंपनीत लोकांच्या जळालेल्या गाद्या आणि चेपलेल्या गाड्यांचे दावे तपासता तपासता चष्म्याचा नंबर वाढला, तरी धाकटे ते धाकटेच. थोरले बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलणं मोठं, गाडी मोठी, आणि निवृत्तीनंतर घेतलेली लेन्स तर एवढी मोठी, की विमानात तिला वेगळी सीट लागत असेल. ती घेऊन ते देशोदेशी हिंडत आणि सिंह, गेंडे, बर्फाचे डोंगर, वाळवंटं असं काय काय टिपून आणत. लहान काही त्यांना दिसतच नसे.

शहरातलं छायाचित्र मंडळ दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जी मोठी भिंत समोर येते, तिच्यावर एकच फोटो लागे. त्याच्यावर स्वतंत्र दिवा, खाली स्वतंत्र नाव. दरवर्षी तिथे थोरल्यांचा सिंह असे. सिंह दरवर्षी वेगळा असतो असं थोरले सांगत. बाकीच्यांना तो एकच वाटायचा, पण सिंहाच्या बाबतीत कोण वाद घालणार? धाकटेही मंडळाचे सभासद. तेही दरवर्षी फोटो देत आणि दरवर्षी तो साभार परत येई. माणूस अगदीच रिकामा राहू नये म्हणून मंडळाने त्यांना खिळे ठोकायचं काम दिलं होतं. विमावाला आहे, मोजूनमापून ठोकेल.

मागच्या प्रदर्शनात एक बाई सिंहासमोर उभी राहून धाकट्यांच्या बायकोला म्हणाली, "तुमच्या दिरांचा हात काय आहे हो! आणि तुमचे मिस्टर नाही का काढत?" त्यावर बायको म्हणाली, "खिळे त्यांनीच ठोकलेत सगळे. एकही वाकडा नाही."

तिने हे अभिमानाने सांगितलं, हेच धाकट्यांना जास्त लागलं. टोमणा असता तर परतवता आला असता. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मनाशी ठरवलं, की एकदा, आयुष्यात फक्त एकदाच, त्या भिंतीवर आपला फोटो लागला पाहिजे. बक्षीस नको, हार नको, टाळ्या नकोत. फोटो आणि खाली आपलं नाव. मग बायकोला कुणी काय विचारायचं ते विचारू दे.

कॅमेरा होता. थोरल्यांनी नवा घेतल्यावर जुना खाली दिला होता, जसे लहानपणी शर्ट खाली यायचे, सायकल खाली यायची, आणि एकदा तर गणिताचं गाइडही, ज्यात थोरल्यांनी उत्तरं आधीच लिहून ठेवली होती, आणि त्यातली बरीचशी चुकीची होती. कॅमेऱ्यात थोरल्यांचं कार्डही तसंच होतं, त्यांच्या वाळवंटाच्या सहलीच्या फोटोंसकट. धाकट्यांनी ते पुसलं नाही. भावाची वस्तू, कशी पुसणार?

आता फक्त लेन्स हवी होती. धाकटे कॅमेऱ्याच्या दुकानात गेले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "मोठ्यात मोठी दाखवा."

दुकानदाराने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग धाकट्यांकडे. "कुठे फिरायला वगैरे जाता का?"

"ऑफिसला."

"मग तुम्हाला मॅक्रो," दुकानदार म्हणाला, आणि डॉक्टर गोळी देतो तशी एक छोटीशी लेन्स समोर ठेवली. धाकट्यांचा चेहरा पडलेला पाहून त्याने ती कॅमेऱ्याला लावली, खाली वाकून कशाचा तरी फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. "ओळखा."

"बाप रे! जंगल पेटलंय?"

"पायपुसणं आहे. तुम्ही उभे आहात त्यावर." मग त्याने काउंटरच्या काचेवरच्या ओरखड्यांचा फोटो काढला, आणि धाकट्यांना अंतराळात भिरभिरणारे तारे दिसले. "ही एक लेन्स हजार कामं करते बघा. फुलाला चालते, नाण्याला चालते, साबणाच्या फुग्याला चालते. पोरींचे लग्नाचे फोटोसुद्धा काढा, चेहरे झकास येतात. पण खरी गंमत जवळ जाण्यात आहे. इतकं जवळ जायचं, की ती वस्तू काय आहे हे तिचं तिलाच आठवू नये. मग उरतो नुसता रंग, नुसता आकार. ह्याला अमूर्त म्हणतात. जंगलात जायला नको, विमान नको, सुटी नको. साहेब, घर हेच जंगल!"

हे शेवटचं वाक्य धाकट्यांनी घरी गेल्यावर बायकोला ऐकवलं. तिने नुकतीच फरशी पुसली होती. पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगत नाही, पण लेन्स परत करायची नाही एवढं शेवटी ठरलं.

पहिला प्रयोग तेलाचा. काचेच्या पसरट भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात तेलाचे थेंब सोडायचे, भांडं उंचावर ठेवून खाली रंगीत कागद घालायचा, आणि वरून फोटो काढायचा. थेंबांचे ग्रहगोल दिसतात म्हणे. धाकट्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन उलटे डबे मांडले, त्यावर भांडं ठेवलं, खाली बायकोची लाल ओढणी पसरली आणि डोळा लावला. ग्रहगोल दिसले! पण इतक्या जवळून बघायचं म्हणजे मोठी पंचाईत असते. आपण श्वास घेतला तरी चित्र पुसट होतं. धाकट्यांनी श्वास रोखला. चित्र तरीही थरथरतच होतं. म्हणून त्यांनी बायकोला हुकूम सोडला, "चालू नकोस."

"मग स्वैपाक काय उडत उडत करू?"

ती बिचारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, तरी पाणी थरथरत होतंच. तेव्हा कुठे धाकट्यांच्या लक्षात आलं, की वर थोरले येरझाऱ्या घालताहेत. त्यांनी फोन लावला. "दादा, जरा वेळ बसून राहतोस का?"

"का?"

आता काय सांगणार? तुझ्या चालण्याने माझे ग्रह हलतात म्हणून? धाकट्यांनी फोन ठेवला. थोरल्यांना ह्या प्रकल्पाचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. पत्ता लागला असता तर त्यांनी सल्ला दिला असता, आणि थोरल्यांचा सल्ला एकदा सुरू झाला की जेवणाच्या वेळेशिवाय थांबत नसे.

पण थोरल्यांच्या मनात शंका आली आणि काय झालंय ते गॅलरीतून वाकून बघायला ते तडक निघाले. वरच्या मजल्यावर धपधप झाली, टेबल हललं, डबा निसटला, भांडं कलंडलं, आणि तेलपाणी फरशीभर पसरलं. नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट वर्तमानपत्र परत द्यायला आले. दार उघडंच होतं. "आहात का?" असं त्यांनी उंबऱ्यात विचारलं, आणि "आहे, या" हे उत्तर त्यांना थेट फ्रिजपाशी ऐकू आलं. मधलं अंतर त्यांनी बसूनच कापलं.

डेंटिस्ट मात्र दिलदार माणूस. तिथेच फरशीवर बसल्या बसल्या त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "अहो, तेल काय घेऊन बसलात? दाढा काढा! दाढेत जे सौंदर्य आहे ना, ते बर्फाच्या डोंगरात नाही." संध्याकाळी त्यांनी पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे पिशवीभरून पाठवले. धाकट्यांनी मोठ्या आशेने फोटो काढले. पण दाढेचा एक दुर्गुण आहे. कितीही जवळ जा, ती आपलं नाव विसरत नाही. दाढ ती दाढच. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी साखर काढायला गेलेल्या बायकोच्या हातात कुणाचा तरी खालचा जबडा आला, आणि घरात दातांना बंदी झाली.

मग धाकटे घराबाहेर पडले. लिफ्टच्या दाराला खालच्या कोपऱ्यात सुंदर गंज चढला होता. निळा रंग, त्याचे पोपडे, पोपड्यांच्या आत तांबूस. कुठल्या अज्ञात बेटाचा नकाशाच जणू. धाकट्यांनी गुडघे टेकले, लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि नाक गंजाला लावलं. सगळ्या मजल्यांवरून लोक बटणं दाबत होते, शिव्या देत होते, पण कलावंताला एवढं सोसावंच लागतं.

तेवढ्यात जिन्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत आले. त्यांनी काय पाहिलं? विमा कंपनीचा माणूस, हातात कॅमेरा, गुडघ्यांवर बसून लिफ्टच्या गंजाचे फोटो काढतोय. सेक्रेटरींच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, काही तक्रार असेल तर आधी मला बोलायचंत ना! एकदम पुरावे गोळा करायचे म्हणजे?"

"तक्रार नाही हो. सुंदर आहे."

"काय सुंदर आहे?"

"गंज."

सेक्रेटरी आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी धाकटे तिरकं ऊन साधून पुन्हा लिफ्टपाशी गेले तर दार नवंकोरं! रंगारी ब्रश धूत होता. धाकट्यांना रडू यायचंच बाकी होतं. मग ते जिन्याच्या कठड्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी कठडा रंगला. पत्रपेट्यांकडे वळले, पत्रपेट्या रंगल्या. धाकटे जिथे गुडघे टेकतील तिथे मागोमाग रंगारी येऊ लागला. जी इमारत कित्येक वर्षं रंगासाठी तडफडत होती, ती पंधरवड्यात चकाचक झाली. लोक धाकट्यांना रस्त्यात थांबवून हात हातात घेऊ लागले. "आमच्या खिडकीच्या गजांपाशी पण एकदा बसा ना," समोरच्या काकू म्हणाल्या. "नुसती दहा मिनिटं बसा. मी चहा देते."

शेवटी सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, की सामाईक मालमत्तेचे फोटो काढायचे तर आगाऊ अर्ज करावा, आणि त्यात जागा व क्षेत्रफळ नमूद करावं. नियम पाळणं धाकट्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी रीतसर अर्ज केला. जागा, पाण्याची टाकी. क्षेत्रफळ, दोन बोटं. अर्ज परत आला. वर सेक्रेटरींचा शेरा होता, 'नेमकी कोणती दोन?' तोवर टाकी रंगून झाली होती.

प्रदर्शनाला फोटो द्यायची मुदत संपत आली. धाकट्यांपाशी काय होतं? थोडे पुसट ग्रह, भरपूर दाढा, आणि रंगाच्या वासाने धरलेलं डोकं. त्या रविवारी ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. नुसतं चिवडत बसले. थोरले मात्र व्यवस्थित जेवले. थोरल्यांची बायको, म्हणजे जाऊबाई, रविवारी चित्रकलेच्या क्लासला जात, तेव्हा थोरले दुपारी खालीच जेवायला असत, आणि जेवण झालं की धाकट्यांच्याच कोचावर आडवे होत. कोच त्यांच्या मानाने आखूड होता. त्यामुळे थोरल्यांचा उजवा पाय कोचाच्या हातावरून बाहेर लोंबकळायचा.

खिडकीतून तिरकं पिवळं ऊन आलं आणि त्या पायाच्या टाचेवर पडलं.

धाकटे उभ्या जागी थबकले. आयुष्यभर त्यांनी थोरल्यांचा चेहरा पाहिला होता, त्यांचं बोट पाहिलं होतं, जे बहुतेक वेळा धाकट्यांकडेच रोखलेलं असे. टाच कधी पाहिली नव्हती. काय टाच होती! भेगांमागून भेगा, त्यांच्या मधे गुळगुळीत उंचवटे, उंचवट्यांच्या एका अंगाला सोनेरी ऊन आणि दुसऱ्या अंगाला जांभळी सावली. मैलोन् मैल पसरलेला निर्मनुष्य प्रदेश. धाकटे मांजराच्या पावलांनी कॅमेरा घेऊन आले, जमिनीवर पालथे पडले आणि सरपटत टाचेपाशी पोचले.

थोरले घोरत होते, आणि प्रत्येक घोरण्यागणिक वाळवंट पुढे येऊन मागे जात होतं. म्हणून एक घोरणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं, त्या मधल्या शांततेत धाकट्यांनी श्वास धरून बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, उगाच सांगत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं काही झालं नव्हतं.

"अगं बाई!" दारातून बायकोचा आवाज आला. "काय करताय तिथे? काटा रुतलाय का भावजींना?"

"शूः!" धाकट्यांनी तिला ओढत स्वैपाकघरात नेलं, नळ मोठा सोडला आणि फोटो दाखवला.

तिने बराच वेळ पाहिलं. "कुठलं हो हे? किती शांत वाटतंय."

धाकट्यांनी कोचाकडे बोट दाखवलं. बायकोने तोंडात पदर कोंबला, तरी हसू नळाच्या वर ऐकू आलंच. मग एकदम गंभीर होऊन ती म्हणाली, "हाच द्या. पण भावजींना कळलं तर?"

"टाच स्वतःची स्वतःला कधी दिसते का?" धाकटे म्हणाले. हे त्यांना फार मोठं तत्त्वज्ञान वाटलं, आणि त्या भरात थोरल्यांना विचारायचं राहूनच गेलं.

मंडळाच्या कचेरीत कारकुनाने फोटो उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला. "विभाग कोणता? प्राणी, निसर्ग, वास्तू की व्यक्ती?"

"अमूर्त."

"तो विभाग नाही."

"पण हे अमूर्त आहे."

"असेल, पण चारांपैकी एकात बसवा. प्राणी आहे का?"

धाकट्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसा नाही."

"व्यक्ती?"

इथे धाकटे अडखळले. व्यक्ती होतीच की. "व्यक्ती असेल तर?"

"तर त्या व्यक्तीची लेखी संमती आणा."

थोरल्यांकडे जायचं आणि म्हणायचं, दादा, तुझ्या टाचेचा फोटो लावतोय, सही कर? मागे रांग वाढत होती, कारकून पेन टिचकवत होता. शेवटी त्यानेच वैतागून निसर्गावर खूण केली आणि पुढचा माणूस बोलावला. आता टाच निसर्गानेच दिलेली असते, तेव्हा हे काही अगदीच खोटं नव्हे, अशी धाकट्यांनी स्वतःची समजूत घातली. आयुष्यभर लोकांचे खोटे दावे पकडणाऱ्या माणसाने स्वतःचा दावा असा बिनबोभाट मंजूर करून टाकला. फोटोला नाव दिलं 'निर्जन'.

आणि निकाल लागला. मोठी भिंत! धाकट्यांनी निरोप तीनतीनदा वाचला, मग बायकोने वाचला, मग दोघांनी नळ न सोडता आरडाओरडा केला. थोरल्यांचा सिंह ह्या वर्षी पाण्याच्या कूलरशेजारी लागला होता. पाणी प्यायला येणारे लोक त्याच्या जबड्यासमोर पेले विसळत होते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी धाकटे नवा शर्ट घालून भिंतीपासून थोडे लांब उभे राहिले, म्हणजे कुणी शोधत आलं तर सापडावं, पण आपण वाट बघतोय असंही वाटू नये. लोक फोटोसमोर थांबत होते. डेंटिस्ट म्हणाले, "काय एकांत आहे!" समोरच्या काकू म्हणाल्या, "तहानच लागली हो बघून." मंडळाच्या अध्यक्षबाई, कडक शिस्तीच्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा सावरून म्हणाल्या, "ह्या भूमीने फार सोसलेलं दिसतं." बायको शेजारी ताठ उभी होती. कुणी तरी तिला विचारलं, "हे तुमच्या मिस्टरांचं?" ती म्हणाली, "हो." तो एक 'हो' धाकट्यांना जन्मभर पुरला असता.

तेवढ्यात थोरले आले, मागे जाऊबाई. थोरले सवयीने सरळ मोठ्या भिंतीकडे चालत आले, तिथे सिंह नाही हे पाहून थांबले, आणि फोटोकडे बघत राहिले. जवळ गेले. लांब आले. मान वाकडी केली.

"ही जागा मी पाहिली आहे," ते म्हणाले.

धाकट्यांनी हातातला पेला शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"अगदी ओळखीची आहे. मी इथे गेलेलो आहे." थोरले खाली लावलेलं नाव वाचत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, तू वाळवंटात कधी गेलास? तू तर कुठेच गेलेला नाहीस."

"दादा, मी सांगतो तुला, घरी..."

"कॅमेरा कुठला? माझा जुना. कार्ड कुठलं? माझंच. त्यात माझ्या वाळवंटाच्या सहलीचे फोटो होते की नव्हते?"

"होते, पण..."

"झालं तर!" थोरले हॉलकडे वळले. आवाज बँकेत कमावलेला. कूलरपर्यंत ऐकू गेला. "हा फोटो माझा आहे."

अध्यक्षबाईंनी धाकट्यांना पुढे बोलावलं, शाळेत बोलावतात तसंच. फोटो कधी काढला? कॅमेऱ्यातली तारीख बघावी तर थोरल्यांनी ती कधी लावलीच नव्हती. कॅमेऱ्याच्या मते सगळे फोटो एकाच प्राचीन दिवशी काढलेले होते. कुठे काढला? धाकटे नव्या शर्टाचं बटण चाचपू लागले. "हे कुठलं वाळवंट आहे एवढं तरी सांगाल?" धाकट्यांनी मान खाली घातली. सांगायचं काय? सांगितलं तर एवढ्या लोकांत थोरल्यांचं हसं होणार, आणि न सांगितलं तर आपण चोर ठरणार. कारकुनाला निसर्गावर खूण करू दिली तीही आता छातीवर धोंड होऊन बसली. धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. थोरल्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण तिथे जाऊन आलोय. आणि एका अर्थी ते खोटंही नव्हतं.

"अहो, बोला ना," बायको हळूच म्हणाली. मघाशी ज्यांनी तिला विचारलं होतं, ते लोक आता दुसरीकडे बघत होते.

"जाऊ द्या हो अध्यक्षबाई," थोरल्यांनी मोठ्या मनाने हात वर केला. "लहान आहे. मोह झाला असेल. मी माफ केलंय त्याला. फक्त नावाची चिठ्ठी तेवढी बदला म्हणजे विषय संपला."

कारकून पुढे झाला आणि भिंतीवरची चिठ्ठी नखाने सोलू लागला. एक कोपरा सुटला.

लहान आहे! धाकट्यांच्या कानशिलात काही तरी तडकलं. शर्ट चालले, सायकल चालली, चुकीची उत्तरं चालली, खिळे चालले. पण ही माफी चालणार नव्हती.

"दादा," ते म्हणाले, "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ. उजवा."

"तुला वेड लागलंय का?"

"काढ म्हणतो ना!"

धाकट्यांनी आयुष्यात थोरल्यांवर आवाज चढवला नव्हता. त्यामुळे तो कसा असतो हे दोघांनाही नवीन होतं. थोरले इतके चक्रावले, की मुकाट्याने खुर्चीवर बसले आणि नाडी सोडू लागले. "मोजाही," धाकटे म्हणाले. मोजाही निघाला. धाकट्यांनी पाय हातात घेतला आणि वळवून भिंतीवरच्या दिव्याखाली धरला.

अध्यक्षबाई वाकल्या. डेंटिस्ट वाकले. त्यांनी सवयीने खिशातला छोटा टॉर्चसुद्धा काढला. सगळ्यांच्या माना टाचेवरून फोटोवर आणि फोटोवरून टाचेवर फिरू लागल्या. ही मोठी दरी, ती तीच दरी. हा उंचवटा, तो तोच उंचवटा. "तिचा तो फाटासुद्धा जुळतोय," डेंटिस्ट आदराने म्हणाले.

"शंभरदा सांगितलं क्रीम लावा म्हणून," जाऊबाई म्हणाल्या. "ऐकतील तर शप्पथ."

मागे कुणी तरी फिसकन हसलं आणि मग अख्खा हॉल हसू लागला. धाकट्यांना वाटलं, झालं, संपलं आपलं. फोटो राहिला, पण भाऊ गेला. थोरल्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते एका पायावर लंगडत उठले, अध्यक्षबाईंच्या खांद्याचा आधार घेत भिंतीपाशी गेले, आणि स्वतःच्या टाचेकडे बराच वेळ बघत राहिले. हसणं हळूहळू थांबलं.

मग थोरले वळले आणि म्हणाले, "मी काय म्हणत होतो? माझंच आहे!"

कारकून अर्धी सोललेली चिठ्ठी बोटात धरून तसाच उभा होता. "मग नाव कुणाचं ठेवू?"

"त्याचं ठेव," थोरले म्हणाले. "नीट चिकटव. तो कोपरा दाब आधी." मग परत फोटोकडे बघत, जरा हळू आवाजात, "मी एवढा हिंडलो, पण असला फोटो मला नाही जमला कधी."

थोरल्यांचा मोजा अजून धाकट्यांच्याच हातात होता. तो त्यांनी पुढे केला. थोरले खुर्चीत बसून तो पायात चढवू लागले. चढवता चढवता त्यांनी एकदा जाऊबाईंकडे पाहिलं, एकदा अध्यक्षबाईंकडे पाहिलं, दोघींचं लक्ष नाही अशी खात्री केली, आणि धाकट्यांना बोटाने जवळ बोलावलं.

"डाव्या पायाची ह्याहून खराब आहे," ते कानात म्हणाले. "रविवारी जेवायला येतोच आहे. ऊन चुकवू नकोस."